‘आमच्याकडं असलं नसतंय’: भोगावतीकाठच्या एका घराचं प्रकरण

या प्रकरणातली नावं बदलली आहेत. घराची ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदलले आहेत. नवरा-बायको आणि सासूबाई या तिघांनाही मजकूर वाचून दाखवला आणि त्यांच्या होकारानंतरच तो इथं दिला आहे. मी कोल्हापुरातल्या एका लहान संस्थेत समुपदेशक आहे. ताणाखाली कुणी जीवाचं काही करील अशी भीती असलेली घरं गावागावांतल्या आशाताई आम्हाला कळवतात आणि आम्ही जातो. हे घर आम्हाला उशिरा का दिसलं, हे सांगणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

## पार्श्वभूमी

करवीर तालुक्यातलं भोगावतीच्या काठचं गाव. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, त्याच पाण्यावर हे खोरं हिरवं झालं. विलासचं वय 2022 मध्ये, हे घडलं तेव्हा, 36. सव्वादोन एकर रान, त्यातला दीड एकर ऊस, बाकी वैरण आणि थोडं भात. गोठ्यात दोन म्हशी. घरी आई, बायको संगीता, 7 वर्षांची मुलगी आणि 4 वर्षांचा मुलगा.

संगीता वाशिम जिल्ह्यातली. कोल्हापूर जिल्ह्यात मुलींचं प्रमाण किती घसरलं होतं, हे 2001 च्या जनगणनेनं दाखवलं. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं इथं 839 मुली होत्या. लग्नाला मुली मिळेनात तसे मध्यस्थ विदर्भ-मराठवाड्याकडं फिरू लागले. संगीताचं लग्न 2014 मध्ये असंच एका मध्यस्थानं जमवलं. तिच्या आईला सांगितलं, “ऊसवाले आहेत, पाण्याची चिंता नाही.” इकडं विलासच्या घरी सांगितलं, “मुलीचे वडील हार्ट अटॅकनं गेले.”

ते खरं नव्हतं. तिच्या वडिलांनी 2009 मध्ये, पोळ्याच्या आदल्या दिवशी जीव दिला होता. कोरडवाहू पाच एकर, सोयाबीन आणि तूर. थोरलीच्या लग्नाचं देणं आणि कृषी केंद्राची उधारी. सरकारी मदतीचं प्रकरण तहसीलला गेलं ते ‘अपात्र’ होऊन परत आलं. या मदतीत एक लाख मिळतात. त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. पण कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. तिच्या वडिलांचं देणं चिठ्ठीवरचं होतं. संगीता तेव्हा 16 वर्षांची होती. “बाबा बी गेले अन् कागदावर शेतकरी बी राहले नाही,” असं ती मला नंतर म्हणाली.

## अडचण

विलासच्या घराची घसरण 2019 च्या महापुरापासून सुरू झाली. ऊस पाण्याखाली गेला. तो तोटा दुधावर भरून काढू म्हणून ऑक्टोबर 2020 मध्ये त्यानं भावकीतल्याच एका माणसाकडून दोन लाख उचलले, शेकड्याला महिना पाच. म्हणजे महिन्याला दहा हजार नुसतं व्याज. त्या पैशातून म्हशी घेतल्या. जुलै 2021 मध्ये परत महापूर आला. ऊस आठ दिवस पाण्यात उभा राहिला आणि शेंड्यापासून कुजत गेला. एक म्हैस त्याच पावसाळ्यात दगावली. त्या वर्षी दीड एकराला 22 टन उतारा पडला. सोसायटीचं पीक कर्ज कापून हातात 11 हजार आले. डिसेंबर 2021 पर्यंत त्यानं 14 महिने व्याज भरलं, म्हणजे एक लाख चाळीस हजार. जानेवारीपासून जमेना. ऑगस्ट 2022 मध्ये सावकार दोन लाख ऐंशी हजार मागत होता.

आता सोसायटीच्या वहीत बघा. विलासची थकबाकी शून्य. आमच्या भागात ऊस कारखान्याला जातो, त्याच्या बिलातून सोसायटीचं कर्ज परस्पर कापलं जातं, म्हणून कर्ज फिटतं. शेतकऱ्याच्या हातात काय उरलं हे वहीत येत नाही. सोसायटीचे सचिव मला मोठ्या अभिमानानं म्हणाले होते, “आमच्या गावात एक थकबाकीदार दाखवा.” त्यांचं बरोबरच होतं. दोन लाखांचं देणं त्यांच्या वहीत नव्हतंच, ते भावकीत होतं.

जून 2022 मध्ये विलास झोप लागत नाही, छातीत धडधडतं, तोंडाला चव नाही म्हणून जवळच्या बाजारगावातल्या एका डॉक्टरांकडं गेला. पित्ताच्या आणि झोपेच्या गोळ्या मिळाल्या. झोप का लागत नाही, हे कुणी विचारलं नाही. तो दोनदा गेला, नंतर जायचा बंद झाला. डेअरीला दूध घालायला मुलीला पाठवू लागला. संध्याकाळचं तालमीच्या कट्ट्यावरचं बसणं-उठणं तुटलं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, एका रात्री तो मुलीची 200 पानी वही घेऊन बसला. कुणाचं किती देणं, कुणाकडून किती येणं, विम्याची पावती कुठल्या डब्यात, पासबुक कुठं, सगळं ओळीनं लिहिलं. मग संगीताला बसवून एटीएमचा नंबर पाठ करायला लावला. दोनदा म्हणून घेतला. तिनं विचारलं, कशाला? “माणसाला माहिती असावी,” एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो बराच शांत होता. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, बरं वाटलं. पोरगं सावरलं म्हणाल्या.

संगीताचे हातपाय गार पडले. तिच्या वडिलांनीही पोळ्याच्या आधी असाच हिशेब लिहिला होता आणि असेच शांत झाले होते. आमच्याकडं बेंदूर आषाढातच होऊन जातो. श्रावणातल्या अमावस्येला इथं कुणाला बैलांची आठवण नसते. ती एकटीच त्या घरात पोळ्याचे दिवस मोजत होती.

## पहिले तीन दिवस

तिनं शुक्रवारी आशाताईंना गाठलं. आशाताईंनी त्याच दिवशी आम्हाला फोन केला आणि निरोप प्रामाणिकपणे जसा ऐकला तसा दिला, “बाई तिकडची आहे, तिच्या माहेरी तसलं बघितलेलं असणार, घाबरलीय. इथं काय तसं नाही.” मी विचारलं, दारू आहे का? नाही. भांडण? नाही. थकबाकी? नाही. मी सोमवारची वेळ दिली.

ही माझी चूक आहे आणि ती टाळता येण्यासारखी होती. घरच्या माणसानं ‘हे जीवाचं काहीतरी करतील’ असं स्पष्ट सांगितलं असताना मी तीन दिवस घेतले. का घेतले, याचं उत्तर ‘इथं तसं नाही’ या तीन शब्दांत आहे. ते शब्द आशाताईंचे असले तरी माझ्याही मनात तेच होतं.

## ‘इथं तसं नाही’ हे कुठून आलं

ही समजूत निव्वळ हवेतली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या आकड्यांत शेतीतल्या 11,290 आत्महत्या आहेत. त्यातल्या 4,248 एकट्या महाराष्ट्रातल्या, आणि त्यांचा मोठा भार अमरावती विभाग आणि मराठवाड्यावर आहे. त्याची कारणं समोर दिसतात. पावसावरची शेती, एकच मोठं पीक, भाव पडला की दुसरा आधार नाही. नागपूर, वर्धा, बुलढाणा इथल्या जिल्हा बँका अडचणीत आल्या तेव्हा शेतकऱ्याला दारात उरला तो सावकार. आमच्याकडं उसाला ठरलेलं गिऱ्हाईक आहे, 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायचा कायदा आहे (त्यासाठी आंदोलनं करावी लागतात हा भाग वेगळा), आणि दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. दहा दिवसांनी हातात पैसे येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याला वर्षातून एकदाच पैसे दिसतात त्याला विचारावं. हा फरक खरा आहे आणि त्यानं जीव वाचतात, यात मला शंका नाही.

चूक पुढच्या पायरीवर होते. प्रदेशाचा दर कमी आहे यावरून आपण समोरच्या घरात धोका कमी आहे असं धरतो. पूर दोन वर्षांत दोनदा आला, म्हैस मेली आणि देणं भावकीतलं निघालं, की करवीर तालुक्यातला दीड एकरवाला वाशिमच्या पाच एकरवाल्याच्या जागी येऊन उभा राहतो. फक्त त्याच्याकडं तसं बघायची कुणाला सवय नसते.

शिवाय दर म्हणजे काय, हेही बघावं लागतं. 2022 मध्ये देशात सगळ्यात जास्त आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या, 22,746. पण लोकसंख्येच्या मानानं आपला दर लाखाला 18 च्या आसपास येतो. सिक्कीमचा 43.1, केरळचा 28.5, बिहारचा 0.6. केरळात शिक्षण, दवाखाने, आयुर्मान सगळं बिहारपेक्षा कितीतरी पुढं. तरी हे असं का? अपेक्षा आणि हाती येणारं काम यातली दरी, लहान होत गेलेली कुटुंबं, दारू, अशी कारणं अभ्यासक सांगतात. आणि एक साधं कारण नोंदीचं. जिथं मरणाची नीट नोंद होते तिथं आकडा वर दिसतो. जिथं घरातलं झाकून टाकतात तिथं तो खाली राहतो. बिहारमधली माणसं केरळपेक्षा जवळजवळ पन्नास पटींनी सुखी आहेत, असं कुणीही म्हणणार नाही.

कारणांच्या रकान्याचंही तेच. 2022 मध्ये ‘कौटुंबिक समस्या’ 31.7 टक्के, ‘आजारपण’ 18.4 टक्के. हे पोलिसांच्या तपासात नोंदलेलं कारण असतं. विलासचं काही बरंवाईट झालं असतं तर काय लिहिलं असतं? सोसायटी म्हणाली असती थकबाकी नाही. डॉक्टरांची चिठ्ठी म्हणाली असती पित्त, निद्रानाश. म्हणजे ‘आजारपण’. महापूर, शेकडा पाच व्याज आणि भावकी, यातलं काहीच त्या रकान्यात उतरलं नसतं, आणि कोल्हापूरचा शेतकऱ्यांचा आकडा होता तसाच राहिला असता.

सरकारनं 2015 मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला तो मराठवाड्यातल्या 8 आणि विदर्भातल्या 6 अशा 14 जिल्ह्यांत. तिथं आशा घरोघर जाऊन ताणाखालची माणसं हुडकतात. आधी तिथं सुरू केला ते योग्यच झालं. पण आमच्या आशाताईंच्या वहीत तसा प्रश्नच नव्हता, हेही या प्रकरणाला धरूनच आहे.

## सोमवारी समोर असलेले पर्याय

सकाळी पोचलो तेव्हा बुधवारच्या गणपतीची तयारी चालू होती. आधी संगीताशी परसात बोलले, मग सासूबाई आणि विलासचा चुलत भाऊ महादेव यांच्याशी. चार गोष्टी पुढं आल्या.

महादेव म्हणाला, गौरी-गणपती होऊ दे, मग बघू. सणात कुठं दवाखाना करताय. सासूबाईंचंही तेच. माणूस शांत झालाय, उगाच उकरून काढू नका.

दुसरं, आधी सावकाराचं मिटवावं, मूळ तेच आहे. हे ऐकायला अगदी पटतं. पण व्यवहार मिटायला आठवडे लागणार आणि आमच्या हातात तेवढा वेळ आहे की नाही हे माहीत नव्हतं. शिवाय बोलणी फिसकटली तर त्याचा राग तो स्वतःवर काढणार.

तिसरं, गावातल्या चार मोठ्या माणसांना घालून समज द्यायची. याला संगीतानं ठाम नकार दिला. तिच्या वडिलांना असंच चावडीवर बसवून समजावलं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर मान हलवली होती.

चौथं, त्याच दिवशी त्याला सरळ विचारायचं आणि लागेल तर लगेच कोल्हापूरला न्यायचं.

आम्ही चौथं धरलं. महादेवची भीती वेगळीच होती. असं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल. ही समजूत शिकलेल्या माणसांतही आहे. प्रत्यक्षात विचारल्यानं विचार पेरला जात नाही. तो आधीच आत असेल तर बाहेर यायला वाट मिळते. हे मी महादेवला सांगितलं, पण त्याला पटलं की नाही ठाऊक नाही. तो गप्प राहिला, अडवलं नाही, तेवढं पुरे होतं.

## गोठ्यातलं बोलणं

विलास गोठ्यात दुधाची किटली राखेनं घासत होता. तीच बाजू परत परत. मी शेजारी पाट्यावर बसले. पुराचं, म्हशीच्या वेताचं बोलणं झालं. मग विचारलं, “विलासराव, झोप नसती, जेवण जात नाही, हिशेब लिहून ठेवलाय. जीव द्यावा असं मनात येतंय का?”

हात थांबला. बाहेर लाऊडस्पीकरची चाचणी चालू होती, ती संपेपर्यंत तो काही बोलला नाही.

“येतंय. रोज येतंय. पहाटं ज्यास्त.”

“कुणाला सांगितलं?”

“कुणाला सांगू ताई? सांगितलं की गावभर हुतंय. माझ्या मागनं पोरांना नावं ठेवतील.”

कधी, कसं याचा विचार झालाय का, तेही विचारलं. झालेला होता. तो तपशील इथं देण्याची गरज नाही. धोका आजचा आहे, हे मात्र त्यातून कळलं. मग मी एकच मागणं केलं: आजची रात्र आणि उद्याची सकाळ आम्हाला द्या, उद्या डॉक्टरांकडं मी बरोबर येते. तो म्हणाला, “केस हुईल काय? पोलीस येतील?” ही भीती आमच्या भागात फार आहे. मी सांगितलं, मनात विचार येणं हा गुन्हा नाही. आणि प्रयत्न केलेल्या माणसाकडंही गुन्हेगार म्हणून बघायचं नाही, तो तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला उपचार द्यायचे, असं 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. तो मे 2018 पासून लागू आहे. हे ऐकल्यावर तो थोडा सैल झाला. एवढ्या एका माहितीसाठी माणूस किती दिवस अडून बसला होता.

## केलेली कामं

त्याच दुपारी महादेवनं शेतीची सगळी औषधं पोत्यात भरून आपल्या घरी नेली आणि कुलपात ठेवली. हे काम किरकोळ वाटतं, पण फार मोठं आहे. टोकाची लाट बहुतेकदा थोडा वेळच टिकते आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर जीव जातो की राहतो हे ठरतं. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि तिथला आत्महत्येचा दर 1990 च्या दशकातल्या शिखरावरून बराच खाली आला, तरी शेतीचं उत्पन्न काही बुडालं नाही.

मंगळवारी त्याला कोल्हापुरात सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेलं. डॉक्टरांनी तासभर दिला. नैराश्याचा आजार आहे, दाखल व्हा म्हणाले. विलास तयार होईना. शेवटी असं ठरलं: घरी राहायचं, गोळ्या बायकोच्या ताब्यात, रात्री एकटं सोडायचं नाही, तिसऱ्या दिवशी परत दाखवायचं, मधे काही वाटलं तर तडक यायचं. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोवर जपावं लागतं, हे डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवून सांगितलं. गणपती बसला त्या दिवशी आरतीला तो आला, मागं भिंतीला टेकून उभा राहिला.

सावकाराचं काम ऑक्टोबरात हातात घेतलं. 2014 च्या सावकारी कायद्यानुसार विनापरवाना व्याजाचा धंदा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं करता येते. मी तक्रारीच्या बाजूनं होते. घरचे नको म्हणाले. भावकी, शेजारचा बांध, पोरांची लग्नं पुढं आहेत. निर्णय त्यांचा होता, मी मागं हटले. एका वकिलानं फुकट मसुदा करून दिला. महादेवनं तो नुसता खिशात घालून नेला आणि बोलणी केली. दोन लाखातले एक लाख चाळीस हजार व्याजाच्या नावानं आलेलेच आहेत, तेव्हा राहिलेले साठ हजार घेऊन चिठ्ठी फाडायची, यावर मिटलं. त्याच सुमारास नियमित कर्ज फेडणाऱ्यांना सरकारनं जाहीर केलेलं 50 हजारांपर्यंतचं प्रोत्साहन अनुदान जमा होऊ लागलं. विलासला 38 हजार मिळाले. उरलेले 22 हजार उसाच्या बिलातून दिले.

## सासूबाईंनी सांगितलेलं

मधे एक गोष्ट घडली. दवाखान्यातून आलेल्या रात्री सासूबाईंनी संगीताला विचारलं, “तुला कसं कळलं गं?” वडिलांचं खरं सांगावं का, हे तिनं मला आधी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, घाई नको, आधीच घर हललंय. तिनं माझं ऐकलं नाही. सांगून टाकलं. आठ वर्षं हार्ट अटॅक म्हणून सांगितलेलं एका दमात खोटं ठरवलं.

ती म्हणते, आत्याबाई बराच वेळ चुलीकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, “माझ्या दादाचं बी तसंच झालं हुतं. अपघात म्हणून सांगितलं सगळ्यांस्नी. आमच्या आईनं मरस्तवर तोंडातनं काढलं न्हाई.”

तो दादा याच जिल्ह्यातला, बागायती गावातला, तीस वर्षांपूर्वीचा. कुठल्याही आकड्यात तो नाही. ‘आमच्याकडं असलं नसतंय’ हे वाक्य मी त्या माउलीच्याच तोंडून सोमवारी सकाळी ऐकलं होतं.

## मार्च 2023

डिसेंबरपर्यंत विलास बराच सावरला. डेअरीला स्वतः जायला लागला. आम्ही भेटी कमी केल्या. आमच्या नोंदीत प्रकरण ‘स्थिर’ होतं.

मार्चमध्ये, साखर कारखान्यांचा हंगाम उरकत आला तेव्हा, संगीतानं रात्री दीड वाजता 14416 ला फोन केला. टेली-मानस ही केंद्र सरकारची फुकट सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. त्याचा कागद आम्हीच त्यांच्या भिंतीवर चिकटवला होता, विलाससाठी. फोन मात्र तिनं स्वतःसाठी केला. सहा महिने ती धड झोपलेली नव्हती. “मी झोपली का हे उठतीन असं वाट्टे,” ती मला म्हणाली. पहाटे चारला धारा, मग वैरण, पोरं, स्वयंपाक, गोळ्या मोजून देणं आणि रात्रभर कान उघडे. जेवण सुटलं होतं. आपणच नसलेलं बरं, असं तिच्या मनात यायला लागलं होतं.

आम्ही तिला रखवालदार करून ठेवलं होतं. वडील गेले तेव्हाची 16 वर्षांची मुलगी तिच्यात तशीच बसलेली आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी एकाही भेटीत मी तिला तिच्याबद्दल विचारलं नाही. प्रत्येक वेळी ‘विलासराव कसे आहेत’ एवढंच.

तिचं काही झालं असतं तर कागदावर काय पडलं असतं? ‘गृहिणी’. 2021 मध्ये देशात 23,179 गृहिणींच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या किती जणी पहाटे धारा काढत होत्या, भांगलण करत होत्या, उसाला पाणी पाजत होत्या? सातबारावर नाव नाही म्हणून बाई शेतकरी होत नाही. वडील चिठ्ठीमुळं अपात्र ठरले, लेक सातबाऱ्यामुळं ठरली असती.

तिच्यावर उपचार सुरू झाले. पण खरा फरक पडला तो सासूबाईंमुळं. रात्रीची राखण त्यांनी आणि महादेवनं वाटून घेतली, आणि संगीताला पंधरा दिवस माहेरी धाडलं. नऊ वर्षांत ती पहिल्यांदाच एवढे दिवस राहिली.

## परिणाम

विलासच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणल्या आहेत. 2023 च्या पावसाळ्यात पंचगंगेची पातळी वाढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा त्याची झोप परत उडाली होती. या वेळी तो आपणहून दवाखान्यात गेला. ऊस अजून नदीकाठालाच आहे. सावकारही गावातच आहे आणि त्याचा धंदा चालू आहे.

त्या वर्षीच्या म्हाळाला सासूबाईंनी नेहमीच्या पानांबरोबर दोन पानं जास्त वाढली. एक दादाचं, एक संगीताच्या बाबांचं. नावं घेऊन वाढली, शेजारपाजार ऐकत असताना. याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा फार मोठी बातमी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्या दोन पानांची बातमी झाली नाही. मला ती तेवढ्याच तोलाची वाटते.

## वेगळं काय करता आलं असतं

शुक्रवारीच जायला हवं होतं. ‘घाबरट आहे’ असा शेरा ज्या बाईबद्दल येतो, तिनं काय बघितलंय हे आधी विचारायला हवं होतं. त्या घरात धोका ओळखणारं एकच माणूस होतं आणि ते ‘तिकडचं’ म्हणून आम्ही त्याचं म्हणणं हलकं धरलं.

सावकाराची लेखी तक्रार व्हायला हवी होती, असं मला आजही वाटतं. विलासच्या घरापुरती तडजोड बरोबर होती. पण दुसऱ्या घरांचं काय? आमच्या संस्थेत यावर एकमत नाही. माझ्या सहकारी म्हणतात, तक्रारीचा आग्रह धरला असता तर कुटुंबानं आम्हालाच दार बंद केलं असतं. त्यांचंही खोटं नाही.

बाजारगावातल्या डॉक्टरांना आम्ही नंतर भेटायला हवं होतं. झोप नाही म्हणून दोनदा आलेल्या शेतकऱ्याला एक प्रश्न विचारला गेला असता तर जूनमध्येच वाट सापडली असती. ते काम राहून गेलं, ते अजून राहिलेलं आहे.

राखण करणाऱ्या माणसाची पाळी बदलणं आणि त्याची वेगळी भेट घेणं हे आता आमच्या कागदावर आहे. संगीताच्या वेळी नव्हतं. थकबाकीच्या प्रश्नाखाली ‘हातउसनं, भावकीतलं, भिशीचं’ अशी ओळ घातली आहे. आणि घरातल्या सुनेचं माहेर कुठलं, तिकडं कुणी असं गेलंय का, हेही विचारतो, तिला एकटीला घेऊन.

मागच्या आठवड्यात त्याच गावातून आणखी एक घर आलं. दुमजली आहे, दारात ट्रॅक्टर. नाव आशाताईंनी दिलं, त्यांना ते संगीतानं सांगितलं. निरोप संध्याकाळी आला, आम्ही दुसऱ्या दिवशी डेअरीची वेळ संपायच्या आत तिथं होतो.